मासे उन्हातच का मेले

प्रिय बारके,

पाकिटाची जाडी बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू मला कारखान्याचा 'का'सुद्धा काढू देत नाहीस, मग मी करू तरी काय? मागच्या खेपेला मी नुसतं 'टाकी' म्हणाले तर तू खाडकन फोन ठेवलास, आणि मी बापडी गच्चीवरच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं ते सांगत होते. कागदाचं बरं असतं, त्याला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. भेटवस्तूचा चकचकीत कागदसुद्धा घडी घालून गादीखाली ठेवणारी मुलगी तू! तेव्हा दार लावून घे, चष्मा लाव आणि पत्र संपेपर्यंत जागची उठू नकोस.

आधी मुद्द्याचं सांगते, कारण तुझा जीव तिथेच अडकला आहे. मासे तू मारले नाहीस. हायपो जास्त पडला नव्हता, तुझी चाचणी खोटी नव्हती, आणि तू कामात हयगयही केली नव्हतीस. मासे कशाने मेले ते सापडलं आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे आणि प्रदूषण मंडळाच्या तपासणीच्या बाईंनी त्यांच्या प्रयोगशाळेत ताडून घेतलं आहे. झालं? आता सोड तो रोखून धरलेला श्वास. मी इथे बसून सांगू शकते की तू खालचा ओठ दातात धरला आहेस. सोड त्यालाही. बाकीचं मी माझ्या पद्धतीने, सगळे आडरस्ते घेत सांगणार आहे, आणि तुला ते ऐकून घ्यावं लागणार आहे, कारण एवढे दिवस तू मला बोलू दिलेलं नाहीस.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा पाण्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि किल्ली माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, अरे, मी पॉलिश आणि पॅकिंगची बाई, मला त्यातलं काय कळतंय? तो म्हणाला, तिने तुलाच सगळ्यात जास्त शिकवलंय. खरंच होतं ते. बाबांच्या मागे दादाने कारखाना ओढला, मी पुढची बाजू धरली, आणि तू शिकून आलीस ती थेट मागच्या त्या कोंदट खोलीत शिरलीस. घरी येऊनसुद्धा तुझं तेच पुराण. भाजी चिरता चिरता मला सायनाइड शिकवणारी बहीण जगात दुसरी नसेल. आता तू शिकवलेलं म्हणून दाखवते, चुकलं तर टोक.

आपण नळांच्या तोट्यांना आणि दारांच्या मुठींना तांब्याचा पहिला हात देतो तो सायनाइडच्या द्रावणात, कारण त्याच्याइतकं गुळगुळीत तांबं दुसरं कोणी बसवत नाही. मग त्या मुठी धुतल्या की धुण्याचं पाणी विषारी होतं. ते पिवळ्या पाइपाने खड्ड्यात येतं आणि खड्ड्यातून वर टाकीत. टाकीत आधी कॉस्टिक सोडा, पीएच साडेदहाच्या वर चढेपर्यंत. तो चढल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. मग हायपो, म्हणजे कपडे पांढरे करायच्या औषधाचा थोरला भाऊ. त्याने विषाचं अर्धं शिंग मोडतं. मग पीएच थोडा खाली आणायचा, पुन्हा हायपो द्यायचा, आणि उरलेलं शिंगही मोडलं की ते साध्या हवेसारखं बुडबुडे होऊन निघून जातं. आणि लाल पाइपातलं आम्लाचं पाणी पिवळ्या पाइपातल्या पाण्याला आयुष्यात भेटू द्यायचं नाही, कारण त्या दोघांची सोयरीक झाली की जो वायू निघतो तो वरातीतल्या कोणालाच सोडत नाही. ही तुझी भाषा. दोन्ही पाइप तू स्वतः रंगवलेस आणि तुझ्या त्या निळ्या ओढणीला पिवळा डाग पडला म्हणून माझ्यावर चिडलीस, जसा काही ब्रश मी धरला होता!

आणि सगळ्याच्या शेवटी तुझे मासे. दादा किती हसला होता तेव्हा. मीटर आहेत, चाचण्या आहेत, आता मासे कशाला? तू म्हणालीस की मीटर बिघडतो, माणूस कंटाळतो, पण मासा काही आपलं मन राखायला जिवंत राहत नाही. खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून ती काचेची पेटी आली. स्वच्छ झालेलं पाणी त्या पेटीतून जाऊन मगच बाहेरच्या झाकलेल्या गटारात. लाल-काळे मासे त्या अंधारात मजेत फिरायचे. हळूहळू दादाच्याच अंगात मासे शिरले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून मागे न्यायचा आणि म्हणायचा, बघा, सायनाइडच्या पाण्यात मासे पाळतो आम्ही! मग त्याला वाटलं की एवढी शोभेची वस्तू मागे कोपऱ्यात कशाला कुजवायची. पुढच्या अंगणात, फाटकातून शिरल्याबरोबर दिसेल असा सिमेंटचा हौद बांधला, पाण्याचा नळ तिथवर नेला. तू कुरकुरलीस, की पेटी माझ्या नजरेसमोर असू दे. ऐकतो कोण? नवीन खेळणं मिळालं की दादाचं वय दहा.

त्या दिवसाचं मी पुन्हा सांगत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं आली, दादाने छाती पुढे काढून हौद दाखवला, आणि हौदात सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. एवढं तुलाही आठवतं आणि मलाही. मला त्याहून जास्त आठवते ती तू. दादा सगळ्यांसमोर ओरडत होता, हायपो ओतताना लक्ष कुठे होतं म्हणून, आणि तू हौदाशी बसून पाण्यात चाचणीची पट्टी बुडवत होतीस. हायपोचा अंश नाही. सायनाइडची चाचणी सकाळी खोलीतल्या तोटीवर केली होती, ती शून्य. तू मान वर करून म्हणालीस की या पाण्यात असं काहीतरी आहे जे माझ्या चाचणीला दिसत नाही. दादा म्हणाला, मग माशांनी काय जीव दिला? लोक हसले. तू उठलीस, हात धुतलेस, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. आपल्या माणसावर ओरडायचं तर घरी नेऊन ओरडावं, चारचौघांत नाही. हे मी दादाला तेव्हाच तोंडावर सांगितलं, तुझ्यासाठी आज गोड बोलत नाहीये.

पुढचं तुला माहीत नाही. इकडे कारखान्यांच्या वसाहतीत षट्कर्णी झालं, की धाकटीने निष्काळजीपणा केला, मासे मारले, म्हणून घरच्यांनी काढली. काढली! तू आपली तिकडे घरातूनच पडदे विकत बसलीस, आणि ज्या मोठ्या शुद्धीकरण प्रकल्पात तू केमिस्टच्या जागेसाठी अर्ज केला होतास, तिथेही ही बातमी तुझ्या आधी पोहोचली. तुझा अर्ज तसाच पडून राहिला, हो ना? तू मला सांगितलं नाहीस, पण तुझ्या आवाजावरून मला तुझा तापसुद्धा कळतो, हे तर सोपं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशीण मुकाट्याने गिऱ्हाइकांना मोतिया आणि अबोली रंगातला फरक समजावतेय. मला इतका राग आला, इतका राग आला की मी ठरवलं, हे कोडं सोडवल्याशिवाय मी पॉलिशला हात लावणार नाही. तुझं ते वाक्य मी धरून ठेवलं होतं. तुझ्या चाचणीला दिसत नाही असं काहीतरी. तू उगाच बोलणारी नाहीस. उगाच बोलायचं खातं आपल्या घरात माझ्याकडे आहे.

दादाने हट्टाने हौदात नवे मासे सोडले होते. मी रोज त्यांच्याकडे बघत बसायचे. वहिनी म्हणायच्या, ताई, तुम्हाला एखादा मासा तोंडपाठ करायचा आहे का? पण बघता बघता माझ्या लक्षात आलं. आभाळ भरलेलं असलं की मासे टुणटुणीत. लख्ख ऊन पडलं की दुपारी ते वरवर येऊन तोंड उघडायचे आणि उतरत्या उन्हाला दोन-तीन उलटे. मला वाटलं पाणी तापत असेल. हात घालून बघितला, पाणी गारच होतं. मग मी पाण्याच्या खोलीतल्या एकाच तोटीचं पाणी दोन काचेच्या बरण्यांत भरलं. एक कपाटात कोंडली, दुसरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींशेजारी उन्हात ठेवली. संध्याकाळी दोन्ही बरण्यांवर तुझीच चाचणी केली, तू शिकवलीस तशी, हातमोजे घालून. कपाटातली बरणी पांढरीशुभ्र. गच्चीवरच्या बरणीने रंग दाखवला! बारके, मी तिथेच मोठ्याने ओरडले. खाली वहिनींना वाटलं मी जिन्यावरून पडले. सायनाइड होतं पाण्यात, पण सावलीत ते लपत होतं आणि उन्हात बाहेर येत होतं. तू मला हवी होतीस त्या क्षणी. फोन हातात घेतला, आणि आठवलं की तू ठेवशील.

मग तपासणीच्या बाईंना फोन केला. म्हटलं, रागावणार असाल तर आधी रागवा, पण मला हे समजावून सांगा. त्या रागावल्या नाहीत, उलट त्याच दुपारी आल्या, दोन्ही बरण्या घेऊन गेल्या. त्यांनी ते पाणी आम्ल घालून बंद काचेच्या उपकरणात उकळलं, आणि मग कपाटातल्या बरणीनेही कबुली दिली. बाईंनी सांगितलं ते असं, की सायनाइडला लोखंड भेटलं तर ते दोघं असे घट्ट मिठी मारतात की हायपोलाही ती सोडवता येत नाही. तुमची रोजची चाचणी फक्त मोकळं सायनाइड बघते, मिठीतलं तिला दिसत नाही. सावलीत ते कोणाला फारसं काही करत नाही. पण ऊन ती मिठी सोडवतं, आणि मोकळं झालेलं विष माशांना पुरतं. तुझं वाक्य शब्दाशब्दाने खरं निघालं. मी बाईंना म्हटलं, माझी बहीण हेच म्हणत होती, हे लिहून घ्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आधी सांगा, लोखंड येतंय कुठून?

आता आली का पंचाईत! आपल्याकडे लोखंड कुठे? मुठी पितळी, तोट्या जस्ताच्या, टाकी प्लास्टिकची, खड्ड्याला तू स्वतः उभं राहून प्लास्टिकचं अस्तर लावून घेतलेलं. मी टॉर्च घेऊन खड्ड्यात डोकावले, एखादा खिळा, एखादी बादलीची कडी पडली आहे का बघायला चुंबक बांधून सोडला. काही नाही. खड्ड्याच्या काठाला कपड्यांच्या निळीसारखी एक रेघ मात्र होती, पण ती आम्ही सगळेच तांब्याची समजत आलो, तूसुद्धा. मी पुरती चक्रावले. आणि उत्तर कुठे सापडलं असेल? वहिनींच्या कपडे भिजवायच्या बादलीत. त्या दादाच्या शर्टाची बाही लिंबाने घासत होत्या आणि कुरकुरत होत्या, की या माणसाच्या उजव्या बाहीला कायम गंजाचे डाग, लिंबाशिवाय जात नाहीत, पितळेच्या कारखान्यात हा गंज आणतो कुठून? मी जो प्रश्न घेऊन घरभर फिरत होते तो वहिनी साबणाच्या फेसात बसून विचारत होत्या. मी ती बाही त्यांच्या हातातून ओढूनच घेतली.

दादाला मी लपूनछपून पकडलं वगैरे नाही, तसला नाटकीपणा आपल्याला जमत नाही. ओला शर्ट घेऊन सरळ त्याच्यापुढे गेले आणि विचारलं, हे काय आहे? आणि काय सांगू तुला, त्याने लपवलंही नाही. उलट जरा फुशारकीनेच म्हणाला, अगं, हिराकस आहे तो. बाबांचा हिराकस! तुला आठवत नसेल बारके, तू फार लहान होतीस. हायपो वगैरे आपल्याकडे यायच्या आधी बाबा त्या हिरव्या खड्यांच्या मुठी खड्ड्यात टाकायचे, पाणी निळं व्हायचं, आणि बाबा म्हणायचे, झालं, बांधलं विष. कारखान्याचं दार उघडल्यावर पहिलं काम ते. दादाला ते इतकं पाठ झालेलं, की तू आलीस, तुझी टाकी आली, मीटर आले, तरी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो एक मूठ टाकतच राहिला. मी विचारलं, तिला सांगितलंस का कधी? म्हणाला, कशाला सांगायचं, तिला वाटलं असतं माझा तिच्यावर भरवसा नाही. भरवसा होता गं. पण ती त्या विषाशेजारी दिवसभर उभी राहणार, म्हटलं आपल्याकडूनही काहीतरी असावं. बाबांचं औषध, अपाय तर काही करणार नाही.

मी त्याला समोर बसवलं आणि बाईंनी सांगितलं ते सांगितलं. हिराकस म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, लोखंडच; खड्ड्याच्या काठाची ती निळी रेघही त्याचीच. बाबांच्या काळी तो मुठी-मुठीने पडायचा आणि गाळ खाली बसायचा, तेव्हाही सगळं विष बांधलं जात होतं की नाही देव जाणे. आता एक मूठ पडून वर तुझं कॉस्टिक आल्यावर तो गाळ व्हायचा नाही, विषाला मिठी मारून पाण्यातच राहायचा. मासे अंधारात होते तोवर झाकली मूठ. उन्हात आणून ठेवले, मूठ उघडली. लोखंड दादाचं, आणि ऊनही दादानेच आणलेलं. मी बोलत होते तशी त्याची मान खाली जात होती. पॅकिंगच्या उपड्या खोक्यावर बसला तो. मग एवढंच म्हणाला, मी तिला सगळ्यांसमोर... आणि तो ओला शर्ट माझ्या हातातून घेऊन बाहीवरचा डाग चोळत राहिला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, दिवसभर पाठ केलं होतं काय काय बोलायचं ते. त्याचा चेहरा बघून सगळं गिळलं. तुझ्या काळजीपोटी टाकत होता गं तो मूर्ख. काळजीच, पण न विचारता केलेली, आणि तिचा भुर्दंड पडला तुझ्यावर.

त्यानंतरची बातमी भराभर सांगते. हिराकसचं पोतं मी बाईंच्या गाडीत घालून दिलं. खड्डा आणि हौद उपसला, ते पाणी टँकरने तुझ्या त्या मोठ्या प्रकल्पालाच पाठवलं, त्यांच्याकडे असल्या घट्ट मिठ्यांवरही इलाज आहे. बाईंनी पुढच्या नाल्याचं पाणी तपासलं, तिथे नशिबाने काही मिळालं नाही, तरी त्यांनी दादाची जी हजेरी घेतली ती ऐकायला तू हवी होतीस. चांगला पन्नाशीचा गृहस्थ, पण वर्गाबाहेर उभा केल्यासारखा दिसत होता. आता महिन्याकाठी एकदा उकळून करायची ती मोठी चाचणी त्यांच्या प्रयोगशाळेत करून घ्यायची, मासे काहीही सांगोत. हौदातले मासे मात्र आता भर उन्हात जाडजूड झाले आहेत. ज्या गिऱ्हाइकांसमोर दादा तुझ्यावर ओरडला होता, त्यांना त्याने पुन्हा बोलावलं. कारण विचारलं तर म्हणाला, तेव्हा सगळ्यांसमोर चुकीचं बोललो, आता सगळ्यांसमोरच खरं बोलायला हवं. आणि बोलला. हिराकस, बाही, हौद, सगळं. कोणी हसलं नाही. मी मागे उभी होते, मला अभिमान वाटला त्याचा, हेही लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील ताई नुसती आग लावते.

आणि तुझ्या त्या मोठ्या प्रकल्पाचं. टँकर तिथे गेला तेव्हा कागदावर नाव माझं होतं, म्हणून तिथल्या प्रमुख बाईंचा मला फोन आला, की हे लोखंडाचं प्रकरण तुम्हाला कळलं कसं? मी काय, विषय मिळायचा अवकाश. सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आणि शेवटी म्हटलं, पाण्यात न दिसणारं काहीतरी आहे हे ज्या मुलीने पहिल्या दिवशी ओळखलं, तिचा अर्ज तुमच्या टेबलावर धूळ खातोय. पलीकडे एक खण उघडला. मग कागद चाळल्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, तिला सांगा, जागा अजून भरलेली नाही, आणि आता दुसऱ्या कोणाने भरायचीही नाही. त्यांचं पत्र तुला या आठवड्यात येईल. चार वसाहतींचं पाणी तिथे येतं, बारके. तिथे तू म्हणालीस की थांबा, यात काहीतरी आहे, तर टाक्या थांबतील. तिथे कोणी विचारणार नाही की माशांनी जीव दिला का.

इथलं म्हणशील तर पाण्याची खोली मी नीट सांभाळते आहे. फुकटची नम्रता मला येत नाही. पीएच, हायपो, चाचण्या, सगळं माझ्या हातात बसलं आहे, आणि दोन मुली हाताखाली तयार होताहेत, त्यांना मी तुझ्यापेक्षा जास्त ओरडते. पण तुझं स्टूल मी हलवलेलं नाही. कधीकधी कामाच्या नादात तिकडे बघून बोलायला लागते आणि मग त्या मुली एकमेकींकडे बघतात. घरी तुझ्या खोलीत मी इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले होते, ते परत उचलले, बरं वाटेना. तुझ्याशिवाय मला करमत नाही. आता लिहूनच टाकलं, हसायचं तर हस.

आता हे पत्र का, ते सांगते. मी ते आपणहून लिहायला घेतलेलं नाही. परवा दादा कागद-पेन घेऊन माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, तू तिला लिही, घरी परत ये म्हणून, तुझं ती मोडत नाही, आणि पत्र मी स्वतः नेऊन तिच्या हातात देतो. मी लिहायला बसले, तो दारातून दोनदा डोकावून गेला, काय लिहिलंस म्हणून. मी म्हटलं, लिहायला हवं तेच. दुसऱ्याचं पत्र उघडण्यातला तो नाही, म्हणून मी निर्धास्त आहे. आत्ता तो तुझ्या बाहेरच्या खोलीत पडद्यांच्या गठ्ठ्याशेजारी अवघडून बसला असेल, आणि त्याला वाटत असेल की आत तू माझी मनधरणी वाचते आहेस. तर बारके, येऊ नकोस. तो नवी प्रयोगशाळा कबूल करील, फाटकावर तुझ्या नावाची पाटी लावतो म्हणेल, आणि सगळं मनापासून म्हणेल. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की तू विरघळशील, मला तू माहीत आहेस. विरघळू नकोस. इथे तू कितीही मोठी झालीस तरी दादाची बारकीच राहशील, तुझं खरं ठरवायला दरवेळी कोणीतरी गच्चीवर बरणी ठेवावी लागेल, आणि तसं मला व्हायला नकोय. तू हवी आहेस मला, फार हवी आहेस, तरीही सांगते. डोळे पूस, बाहेर जा, त्याच्या शेजारी बस. त्याला पूर्ण माफी मागू दे, मध्येच 'जाऊ दे रे दादा' म्हणून त्याची सुटका करू नकोस. मनापासून माफ कर. पोटभर जेवू घाल. आणि मग नाही म्हण. परतीच्या वाटेवर तो रडेल, घरी येऊन माझ्यावर चिडेल, चार दिवस बोलणार नाही. त्याचं मी बघते.

तुझीच, आणि या एका बाबतीत फक्त तुझीच,
ताई